पाच महिन्यांत तीन सील: जुन्या ट्रकच्या मागच्या हबच्या वंगणाचं एक प्रकरण

दसरा होऊन चार दिवस झाले होते. हातखंब्याच्या तिठ्यावरून एक नाकवाला जुना ट्रक वळून आमच्या गॅरेजच्या आवारात शिरला, तेव्हा बॉनेटवरची झेंडूची माळ सुकून गेली होती. ड्रायव्हर उतरला आणि पहिलंच वाक्य बोलला, "मेस्त्री, ब्रेक मारला की गाडी उजवीकडं ओढते. आणि डावं मागचं चाक बघा, परत तेल आलंय." 'परत' म्हणताना त्याचा आवाज चढला, कारण मे महिन्यापासून त्या एका चाकाचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी जिभेचं कडं, तीनदा बदलून झालं होतं. दर वेळी महिना-दीड महिना बरं चालायचं, मग आतल्या टायरच्या अंगावर काळा ओघळ दिसायला लागायचा.

गाडीचे मालक, आम्ही त्यांना काका म्हणतो, मागोमाग मोटारसायकलवरून आले. ही गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, आता पन्नाशी ओलांडलेली. घराचा पहिला चिरा याच गाडीतून आला म्हणून काका ती भंगारात द्यायला तयार नाहीत, आणि मलाही ते पटतं. तिच्यावर आता रोजचं लांबचं भाडं नाही. खाण चालू असली की जांभ्याचे चिरे आणायचे, पावसाळ्यात खाण बंद झाली की खत, सिमेंट आणि वाडीतला माल न्यायचा, आणि वर्षातून काही वेळा आंबा घाट चढून कोल्हापूरकडे जाऊन गूळ-पेंड भरून यायचं. वाडीच्या वाटेवर एक पऱ्या, म्हणजे ओढा आहे, तो पावसाळाभर गाडीला पाण्यातून ओलांडावा लागतो. मधले आठ-आठ दिवस गाडी काकांच्या घराशेजारी रस्त्याच्या उताराला, डाव्या अंगावर कललेली उभी असते. ही उभं राहायची जागा पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

डावा मागचा ब्रेक तेलकट झाला की तो धरत नाही, उजवा धरतो, आणि गाडी उजवीकडे ओढते. इथवर कोडं काहीच नव्हतं. खरा प्रश्न होता तो नवं सील महिनाभरात का हरतं हा.

मीही सुरुवातीला चुकलोच. गाडी पाहिल्या पाहिल्या पोऱ्याला सांगितलं, सील मागवून ठेव. काका शांतपणे म्हणाले, "चौथं सील घालायला मी इथं आलो नाही." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी सील मागवायचं थांबवलं आणि आधी उघडून बघायचं ठरवलं.

उघडल्यावर

जड गाडीच्या मागच्या ॲक्सलची रचना ज्यांनी आतून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीचं वजन शाफ्टवर नसतं. हाऊसिंगच्या, म्हणजे ॲक्सलच्या बाहेरच्या लोखंडी कवचाच्या, दोन्ही टोकांना जाड नळी बाहेर येते, तिच्यावर आत एक आणि बाहेर एक अशी दोन टेपर रोलर बेअरिंग बसतात, आणि त्या बेअरिंगवर हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, फिरतो. शाफ्ट त्या नळीच्या पोटातून येऊन हबच्या तोंडावर बोल्टांनी आवळलेला असतो आणि फक्त फिरवायचं काम करतो. म्हणूनच चाक जमिनीवर असतानाही शाफ्ट बाहेर ओढता येतो. टेपर बेअरिंग वापरायचं कारण असं की चाकावर वजन वरून तर येतंच, पण वळणावर बाजूनेही येतं, आणि तिरके रोलर दोन्ही भार पेलतात. अमेरिकेतल्या हेन्री टिमकेन यांनी या बेअरिंगचं पेटंट १८९८ मध्ये घेतलं, म्हणजे आपल्या सगळ्यात जुन्या ट्रकपेक्षाही ही गोष्ट जुनी आहे.

या हबला वंगण दोन तऱ्हेने मिळतं. पहिल्या तऱ्हेत हबमध्ये ग्रीस भरतात. डिफरन्शियलचं, म्हणजे ॲक्सलच्या मधोमध असलेल्या गिअरपेटीचं, ऑइल तिथे पोचू नये म्हणून नळीच्या तोंडाशी एक वेगळं सील असतं, ते शाफ्टवर बसतं. दुसऱ्या तऱ्हेत ते सील नसतंच. डिफरन्शियलचं ऑइल नळीतून वाहत हबमध्ये येतं आणि बेअरिंग त्याच ऑइलमध्ये भिजतात. दोन्ही चांगल्या आहेत. वाईट आहे ती तिसरी, म्हणजे दोन्हींची खिचडी.

या गाडीचं मागचं हाऊसिंग मूळचं नव्हतं. काकांच्या वडिलांनी कधीतरी दुसऱ्या गाडीचं बसवलं होतं, त्यामुळे गाडीच्या पुस्तकात बघून उपयोग नव्हता. काय असायला हवं होतं ते सुट्या भागांनाच विचारायचं होतं.

चाकांना ठोकळे लावले, हाऊसिंगखाली लाकडी स्लीपर रचले, शाफ्टचे नट सोडले. फ्लँजच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या चकतीच्या, मधोमध हातोड्याचा एक ठोसा दिल्यावर नटांखालचे निमुळते कोन सुटले आणि शाफ्ट बाहेर आला. तो चिंधीने पुसून दिव्यासमोर धरला. टोकापासून थोडा आत, बोटभर रुंदीचा एक पट्टा बाकीच्या शाफ्टपेक्षा वेगळा दिसला. बाकी शाफ्ट घडाईचा, खडबडीत आणि काळपट, तर हा पट्टा लेथवर काढून गुळगुळीत केलेला. एखाद्या जागेला अशी चकाकी कोणी उगीच देत नाही. तिथे सीलची जीभ बसत असणार. मग नळीच्या तोंडात बोट घालून पाहिलं. सील बसायचा खोबणा होता, सील नव्हतं. कधीतरी, कुणीतरी ते काढलं होतं आणि परत घातलंच नव्हतं.

एवढ्या एका पट्ट्याने अर्धं प्रकरण उलगडलं. हा हब ग्रीसचा होता. मधला बांध, म्हणजे नळीच्या तोंडाचं सील, काढून टाकल्यामुळे डिफरन्शियलचं ९० नंबर ऑइल सरळ हबमध्ये येत होतं. हबच्या आतल्या बाजूचं सील, जे तीनदा बदललं गेलं, ते घट्ट ग्रीस अडवायच्या बेताचं होतं. पातळ ऑइल अडवणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. ते नवं असताना काही दिवस तग धरायचं, मग पाझरायचं. सील बदलणाऱ्यांनी आपलं काम प्रामाणिकपणे केलं असेल, पण जिथून तेल बाहेर येतं तिथेच सगळ्यांनी पाहिलं. ते आत कुठून शिरतं हे कुणी पाहिलं नाही.

हब उतरवल्यावर आतला ऐवज मी तळहातावर घेतला. ग्रीस असं काही उरलंच नव्हतं. दूध घातलेल्या चहाच्या रंगाचा रबरबीत लगदा होता. बोटांत चोळल्यावर पाण्याचा थेंब वेगळा झाला आणि मागे तांबडी कचकच राहिली. म्हणजे तीन गोष्टी एकत्र नांदत होत्या: जुनं ग्रीस, गिअर ऑइल आणि पऱ्याचं पाणी. आतलं बेअरिंग धुतल्यावर त्याच्या कोनवर, म्हणजे आतल्या कड्यावर, रोलरच्या अंतराअंतराने आडव्या काळपट रेघा उमटलेल्या दिसल्या. गाडी उभी असताना रोलरच्या कुशीत पाणी साचून राहतं, तिथे हा गंज चढतो. बाहेरच्या बेअरिंगचे रोलर निस्तेज झाले होते, कडेला तपकिरी झाक होती. दोन्ही टाकण्यालायक.

पण दोन प्रश्न उरले. उजवीकडचा बांधही जुनाच असणार, मग डाव्याच बाजूला एवढं का? आणि हे मे महिन्यानंतरच का सुरू झालं?

डाव्या बाजूचं उत्तर रस्त्यात होतं. आपण डावीकडून चालतो आणि पाण्याचा निचरा व्हावा म्हणून रस्ता मधून कडेकडे उतरता केलेला असतो. त्यामुळे चालतानाही डावा हब नेहमी जरासा खाली. त्यात काकांच्या घराशेजारी गाडी आठवडाभर डाव्या अंगावर कललेली. ऑइल नळीतून हळूहळू डावीकडे उतरणारच. त्यावर कडी म्हणजे, गळती दिसली की ड्रायव्हर डिफरन्शियलमध्ये ऑइल भरायचा, तेही गाडी त्याच उतारावर उभी असताना. पातळीचं भोक वर उचललेलं, त्यामुळे हवं त्यापेक्षा बरंच जास्त ऑइल आत जायचं. तो मनापासून गाडीची काळजीच घेत होता. पण सपाट जमिनीवर भोकाच्या खालच्या कडेला ऑइल लागलं पाहिजे, त्याच्या वर नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. उजव्या बाजूला बांधाचं सील जागेवर सापडलं, थोडं ताठर झालेलं, पण काम करत होतं.

रंगाचा एक थर

मे महिन्याचं उत्तर मात्र मी हाऊसिंगवर हात फिरवत असताना सापडलं. डिफरन्शियलच्या वर एक लहानशी टोपी असते, ब्रीदर. नखाएवढी गोष्ट. तिच्यातून आतली हवा ये-जा करते. माझ्या बोटाला ती हललीच नाही. वरचा तांबड्या चिखलाचा घट्ट पापुद्रा खरवडला तर खाली काळा रंग. काकांना विचारलं, "गाडीला रंग कधी काढला?" ते म्हणाले, "पासिंगच्या आधी, मे महिन्यात. खालून पण मारून घेतला सगळा." रंगाऱ्याने चेसिसबरोबर ब्रीदरही रंगवून टाकला होता.

आता हिशेब बघा. घाट चढताना आणि उतरताना डिफरन्शियलमधले क्राउन-पिनियन हे गिअर तापतात, आतली हवाही तापते. हवा ३० अंशांवरून ९० अंशांवर गेली आणि तिला बाहेर पडायला वाट नसली, तर दाब सुमारे पाचव्या हिश्शाने वाढतो. दर चौरस इंचाला जवळजवळ ३ पौंड. तो दाब ऑइलला दोन्ही नळ्यांतून बाहेर ढकलतो आणि जिथे बांध नाही तिथे ऑइल सरळ हबमध्ये जातं. हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं पऱ्यात घडतं. तापलेला ॲक्सल गार पाण्यात उतरला की आतली हवा आक्रसते आणि हाऊसिंग श्वास आत ओढतं. ब्रीदर बंद असेल तर तो श्वास सीलच्या जिभेखालून येतो आणि येताना पाणी घेऊन येतो. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने येता-जाता पऱ्या ओलांडणाऱ्या गाडीत किती वेळा हे घडलं असेल ते मोजायला नको.

म्हणून माझं ठाम मत आहे की हबच्या गळतीची तपासणी हाऊसिंगच्या डोक्यावरून सुरू करावी. ब्रीदर फिरतो का, फुंकर घातली की हवा जाते का, एवढं पाहायला एक मिनिट लागतं. गाडी धुताना जोराच्या पाण्याचा फवाराही त्या टोपीवर आणि हबच्या मागच्या कडेवर धरू नये. दसऱ्याला गाडी चकचकीत करण्याच्या नादात आपण स्वतःच पाणी आत घालत असतो.

ग्रीस की ऑइल

आता निर्णय घ्यायचा होता. माझ्या ओळखीचे लांब पल्ल्याचे काही जण म्हणाले, बांध दोन्हीकडून काढून टाक, ऑइल अडवणारं चांगलं सील लाव आणि ऑइलवरच चालव. त्यांच्या गाड्यांसाठी ते योग्य आहे. सलग दहा तास महामार्गावर पळणाऱ्या हबमधली उष्णता ऑइल वाहून नेतं, लोखंडाचा भुगा खाली बसतो, दर वर्षी हब उघडावा लागत नाही. मात्र त्या पद्धतीत हब नव्याने जोडला की त्यात आधी ऑइल घालावंच लागतं, नाहीतर पहिले कितीतरी किलोमीटर बेअरिंग कोरडी फिरतात. ॲक्सलची एक बाजू जॅकने सहा इंच उचलून मिनिटभर थांबायचं, मग दुसरी बाजू, मग सपाटीवर पातळी बघून पुन्हा भरायचं. हे न केल्यामुळे नवीकोरी बेअरिंग जळलेली मी पाहिली आहेत.

पण काकांची गाडी पळत कमी आणि उभी जास्त असते. ऑइलवरची गाडी आठवडाभर उभी राहिली की बेअरिंगचा वरचा अर्धा भाग निथळून उघडा पडतो आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत त्या उघड्या रोलरवर गंज चढायला वेळ लागत नाही. ग्रीस जागचं हलत नाही. रोलरला चिकटून राहतं आणि पाण्यासमोर स्वतःच भिंत होतं. शिवाय हा हब घडलाच होता ग्रीससाठी. मी काकांना सांगितलं, "मूळ होतं तसं करू. पण दर वर्षी पावसाळा संपला की हब उघडायचा, जुनं सगळं काढायचं, नवं भरायचं. हे जमणार असेल तरच." काका म्हणाले, "पालखी शिमग्याला, गाडी दसऱ्याला. आणून उभी करतो, बघा."

कोणतं ग्रीस, यावरही बोलणं झालं. काकांना वडिलांच्या वेळचं रेषाळ, दोऱ्यासारखी तार सुटणारं ग्रीस आठवत होतं. ते सोडियमचं. उष्णता चांगली सोसायचं, म्हणून चाकांना वापरत, पण पाण्यात विरघळायचं. आमच्या पऱ्यासमोर त्याचा निभाव लागला नसता. स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिनांना मारतात ते स्वस्त कॅल्शियमचं ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण १०० अंशांच्या अलीकडेच वितळायला लागतं, आणि घाट उतरताना ड्रम त्याच्या बराच वर जातो. १९४० च्या दशकात आलेल्या लिथियमच्या ग्रीसने हा पेच सोडवला: पाणीही सोसतं आणि वितळतं १८० अंशांच्या पुढे. आम्ही लिथियमचं ३ नंबर, चाकाच्या बेअरिंगसाठी बनवलेलं घेतलं. वेगवेगळ्या जातीची ग्रीसं एकमेकांत मिसळली की बऱ्याचदा पातळ होतात, म्हणून जुन्याचा कणही ठेवायचा नाही, हे मी पोऱ्याला दोनदा बजावलं.

काम

नळीच्या तोंडाच्या सीलवर सगळं अडलं होतं. व्हर्निअरने शाफ्टचा पट्टा मोजला, खोबणा मोजला, आणि त्या मापाचं सील कोल्हापूरहून मागवलं. एकच मिळालं. ते डावीकडे घातलं. पट्ट्यावर गंजाचे बारीक ठिपके होते, ते बारीक पॉलिश पेपर शाफ्टभोवती गोल फिरवून घासून काढले. लांबीच्या दिशेने घासलं तर त्या चरांतून तेलाला वाट मिळते. हबचं सील जिथे फिरतं तिथे नख अडकेल एवढी खाच पडली होती. नवं सील त्याच खाचेत बसवलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं, म्हणून लेथवाल्याकडून त्यावर पातळ स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं वेष्टण, चढवून घेतली.

बेअरिंगचे नवे कप, म्हणजे हबमध्ये बसणारी बाहेरची कडी, पितळी डोलीने (ठोकायच्या दांड्याने) चारी बाजूंनी थोडं थोडं ठोकत बसवले. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, पोकळ टणटण जाऊन भरीव ठक्क येतं. तो आवाज ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही. मग ग्रीस. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा, उजव्या हातात बेअरिंग धरून त्याची रुंद कड त्या गोळ्याच्या काठावर दाबत, ओढत न्यायची. पाच-सहा वेळा दाबलं की रोलरच्या फटीतून वरच्या बाजूला ग्रीसच्या लहान लहान शेवया वर येतात. शेवया आल्या की तेवढा भाग भरला, बेअरिंग थोडं फिरवायचं, पुढचा भाग. नुसतं वरून माखलेलं बेअरिंग बाहेरून भरलेलं दिसतं आणि आतून कोरडं असतं. हबच्या पोकळीत तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडंसंच जास्त भरलं. गच्च भरलेलं ग्रीस घुसळून तापतं आणि सीलवर रेटा देतं.

नट आवळताना हब दोन्ही दिशांना फिरवत ठेवला, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग नट सैल करून पुन्हा हलकेच आणला, तो सुटू नये म्हणून लॉक वॉशर आणि चेकनट लावला आणि बारीक हालचाल मोजणारी डायल लावून हब पुढे-मागे ओढून पाहिला. ०.०३ ते ०.१३ मिलिमीटरच्या मधला खेळ मला हवा होता. पहिल्या वेळी चेकनटने तो सगळाच खाल्ला, दुसऱ्या वेळी ०.०८ आला. तेवढ्यावर थांबलो. जास्त आवळलेलं बेअरिंग ग्रीस कितीही चांगलं असलं तरी जळतं.

ब्रेकचे लायनर दोन्ही बाजूंचे नवे घातले. ड्रायव्हर म्हणत होता की डावे पेट्रोलने धुऊन, जाळून वापरता येतील. नाही येत. लायनरने प्यालेलं तेल पहिल्या घाटात तापून पुन्हा वर येतं. जुन्या लायनरची भुकटी हवेने उडवायलाही मी पोऱ्याला मनाई केली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, तो छातीत जातो. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकलं.

शेवटी ब्रीदर नवा, गाडी सपाट फरशीवर, आणि डिफरन्शियलमधून जास्तीचं ऑइल काढून पातळी भोकाच्या कडेला. जे निघालं ते पाहून ड्रायव्हर गप्प झाला. मी त्याला म्हटलं, "तुझी चूक नाही, जागा उताराची होती." काकांनी पांढऱ्या रंगाने हाऊसिंगवर लिहून घेतलं: सपाटीवरच ऑइल भरणे. आणि डाव्या हबवर: ग्रीस, खाली वर्ष.

अर्धा लोड भरून साखरप्यापर्यंत, तिथून आंबा घाट वर आणि खाली असा फेरा केला. घाटाच्या पायथ्याला थांबून दोन्ही हबना हात लावून पाहिला. दोन्ही सारखेच गरम होते, हात टेकवून धरता येत होता. ब्रेक मारल्यावर गाडी सरळ उभी राहिली.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आठ दिवस आधी काका शब्दाप्रमाणे गाडी घेऊन आले. मधला पावसाळा, वाटेवरचा पऱ्या, सगळं होऊन गेलं होतं. डावा हब उघडला. ग्रीस तपकिरी झालं होतं, पण दाट होतं. कागदावर पुसलं तर पाण्याचा थेंब नाही, तांबडी कचकच नाही. उजव्या बाजूला मात्र नळीच्या तोंडाशी घामासारखा ओलावा होता. ते जुनं ताठर सील शेवटी दमलं होतं. माप भिंतीवर लिहून ठेवलेलंच होतं, सील वेळेवर आलं. मी उजवं बेअरिंग तळहातावर भरत होतो आणि काका बाजूला वाकून डाव्या हबवरचं जुनं वर्ष रॉकेलच्या बोळ्याने पुसून नवं रंगवत होते.